यादी कोणाची, वाचन कोणाचे?

अलिबागजवळच्या आक्षी गावी, नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या परिसरात, एक शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. हे वाचन प्रमाण मानले तर मराठी भाषेचा ज्ञात असलेला सर्वांत जुना कालोल्लेखित लेख रायगडच्या किनाऱ्यावर आहे. त्याच किनाऱ्यासमोर समुद्रात खांदेरी आहे. शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या डोळ्यांदेखत हे बेट तटबंदीने बांधून काढले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि ११ जुलै २०२५ रोजी रायगड व खांदेरीसह मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारसा यादीत गेले. अभिमान बाळगायला याहून अधिक काय हवे?

परंतु अभिमानाची पहिली लाट ओसरल्यावर वाचनाची भूक लागते, आणि खरी परीक्षा तेथे सुरू होते. श्रीवर्धनचा एखादा शिक्षक, मुरूडची एखादी महाविद्यालयीन विद्यार्थिनी, रेवदंड्याचा एखादा निवृत्त कारकून यांना आपल्या किनाऱ्याचा इतिहास वाचावासा वाटला तर त्यांनी कोठे जावे? तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान म्हणजे बहुधा वह्या, कंपासपेट्या आणि मार्गदर्शके यांचे दुकान. जवळचे मोठे ग्रंथदालन गाठायचे तर मुंबई किंवा पुणे. म्हणून हा वाचक साहजिकच संगणकाकडे किंवा हातातल्या मोबाईलकडे वळतो, शोधाच्या चौकटीत दोन शब्द टाकतो आणि समोर जी यादी येते तिलाच मराठीचे ग्रंथविश्व समजतो. त्या यादीत जे नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

तेव्हा प्रश्न असा की, ही यादी कोण करतो? कोणत्या निकषावर करतो? आणि जो करतो, त्याला आक्षी कोठे आहे हे ठाऊक आहे काय?

मुबलकतेचा भ्रम

ऑनलाईन ग्रंथविक्रीचा इतिहास फार जुना नाही. जेफ बेझोस यांच्या अ‍ॅमेझॉनने जुलै १९९५ मध्ये अमेरिकेत पुस्तके विकण्यास आरंभ केला. पुस्तकेच का निवडली, याचे उत्तर सरस्वतीभक्तीत शोधू नये. जगात कोणत्याही अन्य वस्तूचे इतके निरनिराळे प्रकार नसतात, ती खराब होत नाही आणि टपालाने सहज जाते, हा रोकडा हिशेब त्यामागे होता. भारतात २००७ मध्ये सुरू झालेल्या फ्लिपकार्टनेही प्रथम पुस्तकेच विकली. पुस्तकाने ग्राहक जमवून दिला. ग्राहक जमल्यावर दुकानात मोबाईल आले, कपडे आले, धान्यही आले. २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा अमेरिकेतील वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलरना विकत घेतला. ज्या पुस्तकाच्या खांद्यावर उभे राहून हे मनोरे चढले, ते पुस्तक मात्र त्या दुकानातल्या असंख्य वस्तूंपैकी एक होऊन कोपऱ्यात गेले.

या व्यवहाराचे एक तत्त्वज्ञानही लवकरच तयार झाले. ख्रिस अँडरसन या अमेरिकन संपादकाने २००४ मध्ये 'लांब शेपटी'चा सिद्धान्त मांडला. दुकानाच्या फळीला लांबी-रुंदीची मर्यादा असते. संगणकीय फळीला ती नसते. म्हणून वर्षाला चार प्रती खपणारे पुस्तकही तेथे सुखाने नांदेल आणि अशा हजारो पुस्तकांची बेरीज मोठ्या खपाच्या पुस्तकांच्या बरोबरीला येईल, असा तो सिद्धान्त. छोट्या भाषांच्या, छोट्या गावांच्या पुस्तकांना सुवर्णकाळ येणार, अशी आशा त्यातून निर्माण झाली. परंतु हार्वर्डच्या प्राध्यापिका अनिता एल्बर्स यांनी २००८ मध्ये संगीत आणि चित्रफिती यांच्या व्यवहाराची आकडेवारी तपासली, तेव्हा मागणी शेपटीकडे सरकण्याऐवजी मूठभर लोकप्रिय नावांभोवतीच एकवटताना दिसली. यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. फळी अमर्याद असली तरी माणसाची नजर मर्यादित असते. पहिल्या पडद्यावर जी दहा-वीस नावे दिसतात त्यांतूनच बहुतेक खरेदी होते आणि खरेदी होते म्हणून तीच नावे पुन्हा वर येतात. जे खपते ते दिसते, आणि जे दिसते ते खपते! या चक्रात जे पुस्तक आरंभीच मागे राहिले त्याने पुढे कसे यावे? उरलेली जागा पैसे मोजणाऱ्या जाहिरातदाराची. गावातला जुना ग्रंथविक्रेता काउंटरवर एखादे पुस्तक पुढे सरकवीत असे, तेव्हा निदान त्याने ते चाळलेले असे.

त्यात भारतातील स्थिती आणखी निराळी आहे. थेट परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार परकीय भांडवलावर चालणाऱ्या संकेतस्थळास स्वतःचा माल साठवून तो येथील ग्राहकाला विकता येत नाही. डिसेंबर २०१८ च्या आदेशाने हा नियम अधिक काटेकोर करण्यात आला. म्हणजे ही संकेतस्थळे कायद्यानेच दुकाने नव्हेत, ती बाजारपेठा आहेत. तेथे कोणीही येतो, पथारी मांडतो आणि विकतो. कोणते पुस्तक असावे, कोणते नसावे, कोणते संपत आले म्हणून मागवून ठेवावे, याची जबाबदारी कोणा एकाची नसते. बाजारपेठेला मालक असतो, ग्रंथपाल नसतो.

कुलाब्याचा रायगड झाला, हे यंत्राला कोण सांगणार?

एक साधे उदाहरण घ्यावे. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. या किनाऱ्याविषयीचे जुने लेखन कुलाबा, जंजिरा, अष्टागर, चौल अशा नावांनी झालेले आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा अकरावा खंड 'कुलाबा आणि जंजिरा' या नावाचा. गर्सन द कुन्हा यांचा १८७६ चा इंग्रजी ग्रंथ चौल आणि वसईच्या नावाचा. शां. वि. आवळसकरांचा अभ्यास 'आंग्रेकालीन अष्टागर' या नावाचा आणि दा. गो. ढबू यांचा ग्रंथ 'कुलाबकर आंग्रे सरखेल' या नावाचा. आजचा विद्यार्थी शोधतो 'रायगड'. अक्षराला अक्षर जुळविणारे यंत्र त्याला राजधानीचा किल्ला दाखवील, त्यावरच्या कादंबऱ्या दाखवील, कदाचित सहलीची माहितीपत्रकेही दाखवील. अष्टागर म्हणजे याच किनाऱ्यावरची आगरे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. 'कुलाबा' असे शोधावे तर मुंबईतील कुलाबा पुढे येईल. आंग्रे की आंगरे, अलिबाग की अलीबाग, खांदेरी की खंदेरी, असे लेखनभेद आहेतच. ज्याने पुस्तक नोंदवताना एकच रूप लिहिले, त्याने दुसरे रूप शोधणाऱ्या वाचकाला दारातूनच परत पाठविले.

याहून गंभीर प्रकार वर्गवारीचा. ज्या कान्होजी आंग्रे यांनी १७२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत कोकणच्या समुद्रावर मराठ्यांची सत्ता राखली, ज्यांच्या परवान्याविना येथून जाणाऱ्या परकीय जहाजांना निर्धास्त होता येत नव्हते, त्यांना इंग्रजांनी काय म्हटले? क्लेमंट डाउनिंगने १७३७ च्या पुस्तकाच्या नावातच 'आंग्रिया चाचा' असा उल्लेख केला. बिडल्फने १९०७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'मलबारचे चाचे'. ही पुस्तके स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेल्यामुळे कोणीही छापावीत अशी आहेत. पुस्तकाच्या नावावरून विषय ठरविणारी व्यवस्था कान्होजींना कोणत्या खणात ठेवील, हे सांगायला ज्योतिषी नको: 'समुद्री लुटारू' या खणात! स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला आंग्रे हे नाव दिले. पुस्तकांच्या बाजारात मात्र सरखेलांचा चाचा होऊन बसण्याचा धोका आजही टळलेला नाही. हा कोणाचा कट नाही. जेथे घरचा माणूस नोंद करीत नाही, तेथे परक्याची नोंद आपोआप प्रमाण ठरते, एवढेच.

हातातले पुस्तक आणि भाड्याचे पुस्तक

परक्याच्या फळीवर विसंबण्याचे आणखी एक मोल आहे. जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑरवेल यांच्या दोन पुस्तकांच्या, हक्काविना विक्रीस आलेल्या प्रती अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या. पैसे परत केले, बेझोस यांनी पुढे क्षमाही मागितली. पण विकत घेतलेले पुस्तक रात्रीतून कपाटातून नाहीसे होऊ शकते, हे जगाला कळले. त्यांपैकी एक पुस्तक, 'एकोणीसशे चौऱ्याऐंशी', माणसाच्या स्मृतीवर सत्ता गाजविणाऱ्या राजवटीविषयीच असावे, हा योगायोग बोलका आहे. भारतात फ्लिपकार्टने २०१५ च्या अखेरीस ई-पुस्तकांचा व्यवहार गुंडाळला आणि आपले ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या हवाली केले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा वाचकांना पैसे मिळाले, पुस्तके गेली.

छापील पुस्तकही यातून सुटलेले नाही. अ‍ॅमेझॉनच्या मालकीची वेस्टलँड ही भारतातील प्रकाशनसंस्था. भारतीय भाषांसाठी तिने 'एका' नावाची स्वतंत्र शाखाही काढली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ही संस्था बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. लेखक तेच होते, वाचक तेच होते. हिशेबाच्या वहीत आकडा बसला नाही, एवढेच निमित्त. पुढे त्या संस्थेतील मंडळींना प्रतिलिपी या भारतीय कंपनीत नवे घर मिळाले, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्या व्यवस्थेत सहस्रावधी मैलांवरचा एक निर्णय येथील पुस्तकांचे आयुष्य ठरवितो, तिच्या हाती मराठीच्या ग्रंथसंचिताची किल्ली असावी काय?

घरचा आहेर

परकीय कंपनीवर खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे. पण दोष तेवढ्यावर संपत नाही. परक्याने काय करावे हे मराठी समाजाच्या हाती नाही. स्वतः काय करावे, हे मात्र पूर्णपणे त्याच्याच हाती आहे. तेथे काय दिसते?

मराठी ग्रंथव्यवहारात संकेतस्थळे नाहीत असे नाही. पुण्याच्या बुकगंगाने छापील आणि ई-पुस्तके एकाच ठिकाणी आणली, खरेदीपूर्वी पुस्तकाची काही पाने चाळून पाहण्याची सोय दिली. रसिक साहित्य, अक्षरधारा अशा अनुभवी ग्रंथविक्रेत्यांनीही ऑनलाईन विक्रीत पाऊल टाकले. हे काम मोलाचे आहे. परंतु एकूण मराठी ग्रंथविक्रीचा दर्शनी भाग पाहावा तर तीच ती नावे डोळ्यांपुढे येतात: यशस्वी होण्याचे मंत्र सांगणारी अनुवादित पुस्तके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि दहा-बारा सदाबहार कादंबऱ्या. परक्या बाजारपेठेचा पहिला पडदा आणि घरच्या दुकानाचा पहिला पडदा सारखाच दिसू लागला, तर वाचकाने सवलत जास्त असेल तेथे जाऊ नये तर कोठे जावे? सवलतीच्या शर्यतीत अब्जावधींच्या भांडवलापुढे मराठी दुकान टिकणार नाही. ते टिकेल ते ज्ञानाच्या आणि निवडीच्या बळावरच.

प्रकाशकांचीही कथा वेगळी नाही. पुस्तकाचा जागतिक ओळखक्रमांक, म्हणजे आयएसबीएन, भारतात विनामूल्य मिळतो. तरी असे क्रमांक नसलेली मराठी पुस्तके आजही निघतात. जुन्या पुस्तकांना तर तो मिळण्याचा प्रश्नच नव्हता. क्रमांक नाही म्हणजे ऑनलाईन व्यवहारात पुस्तकाला जन्मदाखला नाही. विषय, कालखंड, स्थळ, पृष्ठसंख्या, आवृत्ती यांची नीट माहिती देण्याचे कष्ट किती प्रकाशक घेतात? मुखपृष्ठाचे चित्र आणि किंमत दिली की काम संपले!

ग्रंथालयांविषयी बोलायचे तर महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अनुदान आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत. पण मार्च जवळ आला की अनेक ठिकाणी खरेदीचा निकष एकच उरतो: कोण किती टक्के सवलत देतो? गठ्ठे येतात, दाखलनोंदी होतात, शिक्के बसतात. ज्या गावात ग्रंथालय आहे त्या गावाचा इतिहास त्या गठ्ठ्यात आहे काय, हे कोणी पाहात नाही.

आणि घरे? मराठीच्या अवहेलनेवर तावातावाने बोलणाऱ्या किती घरांत वर्षाला चार मराठी पुस्तके विकत घेतली जातात? ज्या भाषेच्या पुस्तकाला गिऱ्हाईक नाही, तिच्या निवडीची चिंता यंत्राने का वाहावी?

निवडीची जुनी विद्या

पुस्तकांची निवड ही विद्या मराठीला नवी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची अक्षरशः एकहाती तयार केली आणि १९४३ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. संगणक नाही, दूरध्वनीची सोय नाही, पाठीशी सरकारी खाते नाही. गावोगावची ग्रंथालये धुंडाळून, पुस्तक प्रत्यक्ष हाती घेऊन केलेले हे काम. आजच्या भाषेत ज्याला विदा म्हणतात, तो दाते यांनी शाईने आणि घामाने उभा केला. १९६४ मध्ये मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळे यांनी 'ललित' मासिक सुरू केले. कोणते पुस्तक निघाले, कसे आहे, ते का वाचावे, हे वाचकापर्यंत पोहोचविणे हा त्यामागचा हेतू. सत्तरीच्या दशकात 'ग्रंथाली'ने वाचक सभासद जमवून, ग्रंथयात्रा काढून पुस्तक गावांत नेले. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केलेले स्ट्रँड बुक स्टॉल सत्तर वर्षे चालले. त्यांच्या दुकानातला वाचक पुस्तकांची संख्या पाहून येत नसे, मालकाची पारख पाहून येत असे. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती एका ग्रंथविक्रेत्याच्या पारखीला मिळालेली दाद होती. २०१८ मध्ये ते दुकान बंद झाले, तेव्हा मुंबईचा एक जाणता सल्लागार गेला.

या सर्वांचे सूत्र एकच. ग्रंथविक्रेता हा हमाल नव्हे. तो पारखी आहे. ऑनलाईन युगात हमालाचे काम यंत्राने आणि टपालाने उचलले. पारख्याचे काम कोणी उचलायचे, हा प्रश्न शिल्लक राहिला आहे.

निवड म्हणजे नेमके काय?

निवडीचे धोरण म्हणजे भाबडेपणा नव्हे. दुकान चालले पाहिजे, उधारी फिटली पाहिजे, गोदामात पैसा कुजता कामा नये. म्हणून मराठी ऑनलाईन विक्रेत्याने आपल्या साठ्याचे तीन भाग स्पष्ट केले पाहिजेत. पहिला भाग चालत्या पुस्तकांचा. घर चालते ते यांच्यावर, त्यांना नाक मुरडण्याचे कारण नाही. दुसरा बारमाही पुस्तकांचा: कोश, संतवाङ्मय, चरित्रे, इतिहासाचे मान्यवर ग्रंथ, मुलांची चांगली पुस्तके. ही संथ खपतात, पण दरवर्षी खपतात. यांची प्रत कधीही संपू देऊ नये. तिसरा भाग दुर्मीळ आणि स्थानिक पुस्तकांचा. यांचा साठा करणे परवडत नाही. पण नोंद करणे नक्की परवडते. मागणीनुसार मोजक्या प्रती छापण्याचे तंत्र आता सर्वत्र रुळले आहे. जेथे स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे किंवा वारसांची संमती मिळते, तेथे दहा मागण्या जमताच दहा प्रती छापता येतात. एके काळी हजार प्रतींची आवृत्ती काढल्याशिवाय जे शक्य नव्हते, ते आज शक्य आहे. 'आवृत्ती संपली' हे उत्तर यापुढे अपरिहार्य नाही. पुष्कळदा ते आळसाचे उत्तर ठरते.

दुसरी गोष्ट जोडणीची. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला आणि शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीकडे नव्या पिढीचे लक्ष वेधले गेले. उत्तम झाले. पण कादंबरी घेणाऱ्या वाचकाला विक्रेत्याने पुढचे दार दाखविले काय? वा. सी. बेंद्रे यांचा १९६० चा संभाजी महाराजांवरील ग्रंथ, डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' ही नावे त्याच पडद्यावर, कादंबरीच्या शेजारी दिसायला हवीत. संभाजी महाराजांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली, खाडीत भराव घालून किल्ल्याला भिडण्याचा प्रयत्न केला, ती भूमी मुरूडची. मुरूडच्या मुलाला कादंबरीतून इतिहासाकडे आणि इतिहासातून स्वतःच्या गावाकडे नेणारी ही वाट यंत्राला दिसणार नाही. यंत्र एवढेच सांगेल की, हे घेणाऱ्याने तेही घेतले. हे वाचणाऱ्याने ते का वाचावे, हे सांगायला माणूसच लागतो.

तिसरी गोष्ट टपालखर्चाची. विनोबा भावे यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या गागोद्याचा. त्यांची 'गीताई' सामान्य माणसाला परवडावी म्हणून अल्प किमतीत घरोघर गेली. पण असे अल्पमोली पुस्तक एकेकटे ऑनलाईन मागविले तर टपाल पुस्तकाहून महाग पडू शकते. परिणामी विक्रेता ते यादीतच ठेवत नाही. स्वस्त पुस्तक महागड्या व्यवस्थेत बसत नाही, म्हणून ते बाद! डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत छापील पुस्तकांची जुनी सवलतीची सेवा बंद केली, तेव्हा छोट्या प्रकाशकांच्या पोटात गोळा आला. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू झाली. तिचे आरंभीचे दर, कर वगळता, ३०० ग्रॅमला २० रुपये आणि ५ किलोला १०० रुपये असे ठेवण्यात आले. हा आकडाच धोरण सुचवितो. चाळीस रुपयांच्या पुस्तिकेला वीस रुपये टपाल जड जाते. पण पाच किलोंचा संच केला तर किलोमागे वीसच रुपये पडतात. म्हणून 'अष्टागर संच', 'आरमार संच', 'संतवाङ्मय संच' असे विचारपूर्वक बांधलेले गठ्ठे करावेत आणि ते शाळा, ग्रंथालये, गृहनिर्माण संस्था यांच्या पत्त्यावर एकत्र पाठवावेत. संच बांधणे ही निवडच आहे, आणि तीच किफायतही आहे.

चौथी गोष्ट स्थानिक जाणकारांची. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण येथील ग्रंथपाल, इतिहासाचे शिक्षक, स्थानिक अभ्यासक यांनी वर्षातून एकदा आपल्या तालुक्याविषयीच्या पुस्तकांची यादी करावी आणि विक्रेत्याने ती जुन्या-नव्या नावांसह, सर्व लेखनभेदांसह नोंदवावी. रायगडखाली कुलाबा, अष्टागर, हबसाण, चौल, रेवदंडा ही नावे जोडावीत. या कामाला भांडवल लागत नाही. आठवड्याचे चार तास आणि विषयाची आस्था लागते.

येथे परकीय बाजारपेठेला नसलेला एक अधिकार मराठी विक्रेत्याला आहे. त्याचे भांडवल देशी असल्यामुळे तो स्वतःचा साठा ठेवू शकतो. म्हणजेच स्वतःची निवड करू शकतो. कायद्याने दिलेला हा अधिकार वापरायचाच नसेल, तर परक्यांच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

दोन आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ग्राहकाला हवे ते विकावे; विक्रेत्याने गुरुजी होऊ नये. आक्षेप वरकरणी लोकशाहीवादी वाटतो. पण ग्राहकाला काय हवे हे जर जाहिरातदाराच्या पैशाने ठरत असेल, तर ती ग्राहकाची निवड कशी? निवड कोणी ना कोणी करतोच. ती उघडपणे, नावानिशी, कारणे देऊन करावी, की पडद्याआडच्या गणिताने होऊ द्यावी, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. निवडीच्या नावाखाली एकाच विचाराची पुस्तके पुढे रेटली जातील, अशी शंका कोणी घेईल. ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर कृतीनेच द्यावे लागेल. निवड म्हणजे बंदी नव्हे. सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच १९०९ मध्ये इंग्रजांनी बंद केला. पुस्तक दडपणे काय असते, हे त्यांना मानणाऱ्यांना इतरांकडून शिकण्याची आवश्यकता नाही. रायगड किनाऱ्याच्या फळीवर कान्होजी हवेत, चिरनेरचा १९३० चा जंगल सत्याग्रह हवा, तसाच नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संपही हवा. तेथे कोणत्या रंगाचा झेंडा होता हे पाहून इतिहासाची पाने फाडता येत नाहीत. नवगाव-रेवदंड्याच्या परिसरात शतकानुशतके मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायली समाजाची कहाणीही तेथे हवी. जगात अन्यत्र छळ सोसलेल्या ज्यू समाजाच्या या शाखेला या भूमीने निर्धास्त आसरा दिला. आणि इस्रायलला गेल्यावरही या मंडळींनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. किनाऱ्याची ही थोरवी किनाऱ्यालाच ठाऊक नसावी, यापरते दुर्दैव कोणते?

मागणी करणारा समाज हवा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. छपरे उडाली, वाड्या आडव्या झाल्या. आणि जेथे छप्पर गेले तेथे ट्रंकेतले, कपाटातले कागदही पावसाच्या स्वाधीन झाले. नारळ पुन्हा लावता येतो. त्याला फळ धरायला काही वर्षे लागतात, पण धरते. एखाद्या जुन्या पुस्तकाची गावातली शेवटची प्रत गेली आणि तिची नोंद कोणत्याच यादीत नसेल, तर ती कायमची गेली. यादीत नाव असणे ही पुस्तकाची जिवंतपणाची खूण आहे.

म्हणून हे काम विक्रेत्यावर सोडून चालणार नाही. सणवार, वाढदिवस, सत्यनारायण, सेवानिवृत्ती अशा प्रत्येक प्रसंगी पुष्पगुच्छाऐवजी एक मराठी पुस्तक, आणि तेही आपल्या तालुक्याविषयीचे, देण्याचा परिपाठ कुटुंबांनी पाडावा. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर असलेल्यांनी या मार्चमध्ये सवलतीचा टक्का विचारण्यापूर्वी स्थानिक पुस्तकांची यादी मागावी. जे पुस्तक संकेतस्थळावर सापडत नाही त्याची मागणी लेखी नोंदवावी, एकदा नव्हे, दहा जणांनी नोंदवावी. कारण विक्रेत्याला व्याख्यान कळो न कळो, मागणी कळते. आक्षीचा लेख कोरणाऱ्या हाताने दगड निवडला, तेव्हा तो टिकावा हा विचार त्याने केला होता. त्याच्या वंशजांना पडद्यावरची एक यादी नीट करता येऊ नये काय?